दुसरा याकोब

अर्मानं न्हाणीघरातला आरसा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि सकाळचं ऊन त्यात घेऊन ती ते कडेनं कबरीच्या दगडावर पाडत होती. समोरून पाहिलं तर तो दगड म्हणजे दगडफुलानं भरलेला तांबडा तुकडा, बाकी काही नाही. पण उजेड कडेनं घासून गेला की बुजलेल्या अक्षरांनाही सावल्या फुटतात, हे क्लॅरेन्सनं तिला मार्चमध्येच शिकवलं होतं. तो स्वतः गुडघ्यांखाली पोतं घालून दगडासमोर बसला होता, नाक जवळजवळ दगडाला टेकवून.

"आरसा जरा खाली घे. अजून. अगं, माझ्या टकलावर कशाला पाडतेस? तिथं काही लिहिलेलं नाही."

"तिथं कधीच काही नव्हतं," अर्मा म्हणाली. तिनं आरसा खाली घेतला आणि ऊन दगडावर आणलं.

क्लॅरेन्स योस्ट आणि ती एकाच खोलीच्या शाळेत, एकाच बाकावर शिकलेली. पुढे तो इतिहासाचा मास्तर झाला, निवृत्त झाला, बायको गेली, आणि लोकांचे पूर्वज शोधून देण्याचा नाद त्याला लागला. जिवंत माणसं माझं ऐकत नाहीत, मेलेली बिचारी ऐकून घेतात, असं तो म्हणत असे. पेनसिल्व्हेनियाच्या ह्या भागात मेलेल्या जर्मनांना तोटा नव्हता आणि त्यांच्या चौकशा करणाऱ्यांनाही.

"याकोब," त्यानं वाचलं. बोटानं अक्षरं चाचपत तो पुढे सरकला. "याकोब... फेल्टी वेसनरचा... मुलगा."

"आहे!" अर्मा ओरडलीच. "म्हणजे आहे! मी सांगत नव्हते?"

 त्यानं बोट खालच्या ओळीवर नेलं, परत मागे आणलं, पुन्हा नेलं.

"वाच ना."

"वय दोन वर्षं आणि तीन महिने."

अर्माचे हात खाली आले. उजेड गेला तशी अक्षरंही गेली आणि दगड पुन्हा नुसता दगड झाला.

"ह्या याकोबाला काही मुलंबाळं नव्हती, अर्मा," क्लॅरेन्स म्हणाला. थट्टेची सवय जिभेला इतकी जुनी की शब्द आधी निघून गेले. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

फेल्टी वेसनर सतराशे एकोणपन्नास साली फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरला. इंग्रज राजाशी इमान राखण्याच्या शपथेखाली त्यानं सही केली नाही, फुली मारली, कारण लिहिता येत नव्हतं. बरोबर आपोलोनिया नावाची बायको होती. प्रवासाचं भाडं फेडायला दोघांनी चार वर्षं दुसऱ्याच्या शेतावर राबून काढली आणि मग ह्या ओढ्याकाठी जमीन घेतली. एवढं सगळं क्लॅरेन्सनं खणून काढलं होतं. अर्माच्या बाजूनं वर चढत गेलं तर बाप, आजा, पणजा असं करत याकोब वेसनर नावाच्या चांभारापर्यंत वाट पक्की होती. प्रश्न एका पायरीचा होता. त्या काळी ह्या गावात वेसनरांची दोन घराणी होती, ओढ्याकाठची आणि डोंगरावरची, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. चांभार याकोब फेल्टीचा मुलगा की डोंगरावरच्यांचा, हे सिद्ध व्हायचं होतं. फेल्टीच्या शेजारचा हा दगड ते सिद्ध करील म्हणून दोघं आशेनं आली होती. आता ह्याच दगडानं पायरी काढून घेतली.

म्हातारपणी माणसाला पूर्वजांचं वेड लागतं म्हणतात. अर्माला असलं वेड बिलकूल नव्हतं. फेल्टी वेसनर जर्मनीतून आला काय की चंद्रावरून आला काय, मार्चपर्यंत तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मार्चमध्ये तिच्या मुलानं, नेव्हिननं, शेत विकायला काढलं. गोदामं बांधणारी एक कंपनी घेणार होती. मोजणी झाली, जुने दस्त बाहेर निघाले, आणि त्यांतल्या एका फार जुन्या दस्तात असं वाक्य सापडलं की भिंतीच्या आतली अर्धा एकर दफनभूमी फेल्टीच्या वंशाकडे कायमची राहील. कंपनीचा वकील सज्जन होता. तो म्हणाला, फेल्टीचा वंशज कुणी पुराव्यानिशी पुढे आला तर आम्ही भिंतीच्या आत पाऊल टाकणार नाही. नाही आला तर कबरी मानानं उचलून चर्चच्या आवारात नेऊ. ज्या ज्या कबरीवर दगड आहे ती प्रत्येक.

भिंतीच्या ईशान्येच्या कोपऱ्यात, फेल्टीच्या रांगेपलीकडे, गवताचा एक तुकडा होता. त्याच्यावर दगड नव्हता. तिथं अर्माचं पहिलं मूल होतं.

ते एक रात्र आणि अर्धा दिवस जगलं. फेब्रुवारी होता, खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत बर्फ साचलेलं, ना डॉक्टर येऊ शकला ना पाद्री. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या जमिनीत नको, असं तिच्या आईनं ठरवलं. जमीन इतकी गोठली होती की कुदळ लागेना. तेव्हा तिच्या बापानं आधी कोपऱ्यात जाळ केला, माती मऊ होईपर्यंत तो पेटता ठेवला आणि मग खड्डा घेतला. अर्माला खाटेवरून उठू दिलं नाही. तिनं खिडकीतून भिंतीवरचा धूर पाहिला, तेवढाच.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मुलगा झाला. त्याला तिनं तेच नाव ठेवलं. गेलेल्याचं नाव पुढच्याला द्यायचं ही जुनी चाल. तिच्या पिढीत ती जवळजवळ मोडली होती, पण अर्मानं हट्ट धरला. तिची आई म्हणाली, "ठेव. पण त्याला कधी कळू देऊ नकोस. कळलं तर पोर जन्मभर एक पाय त्या खड्ड्यात ठेवून चालेल." अर्माकडून आणि तिचा नवरा एल्वुड ह्याच्याकडून तिनं तसं वचन घेतलं. आई गेली, बाप गेला, एल्वुड गेला. वचन एकट्या अर्माकडे उरलं. नेव्हिन सहा वर्षांचा असताना तापानं फणफणला होता, तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून त्याला नावानं हाका मारत राहिली होती, आणि एका क्षणी तिला कळेना की आपण दोघांतल्या कुणाला परत बोलावतोय. ते तिनं देवालाही कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिनं तोंडाला कुलूप घातलं ते आजतागायत.

म्हणून फेल्टी हवा होता. फेल्टीचं नातं जुळलं असतं तर भिंत राहिली असती, गवत राहिलं असतं आणि कुणाला काही सांगावं लागलं नसतं.

"चल," क्लॅरेन्स पोतं झटकत म्हणाला. "गारठा आहे. मी अजून शोधतो."

"शुक्रवारी सह्या आहेत, क्लॅरेन्स."

"माहीत आहे गं."

रविवारी ती नेव्हिनकडे जेवायला गेली. चिकनच्या रश्श्यात चौकोनी शेवया शिजवलेलं बॉटबॉय, बिटाच्या रसात मुरवलेली लाल अंडी, असा नेहमीचा बेत होता. नेव्हिननं ताट भरून घेतलं आणि बाक सरकवून पाय लांब केले. दोन्ही गुडघे बदलून झाल्यापासून त्याला असंच बसावं लागे.

"आई, तो क्लॅरेन्स तुला थंडीत गुडघ्यांवर बसवतो म्हणे."

"तो बसतो. मी उभी असते."

"लोक मला हसतात. म्हणतात, नेव्हिननं शेत विकलं आणि म्हातारीला कबरस्तानात राहायला पाठवलं."

"अरे, जेवताना काय बोलतोस!" त्याची बायको जेनिस म्हणाली. "आई, तुम्ही लक्ष देऊ नका. अजून वाढू?"

"मी काय खोटं बोललो? एवढी वर्षं ह्याच घरात होतीस, आई, कधी त्या फेल्टीचं नाव घेतलं नाहीस. आता खापर-खापर-खापर पणजोबाचा एकदम पुळका!" तो हसला, पण हसणं फार टिकलं नाही. "तुला शेत जातंय त्याचं दुःख आहे, तर तसं म्हण. मला नाही का? गाई गेल्या त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडलो, विचार हिला. पण ठेवू कुणासाठी? पोरगी सिएटलला. पोरगा म्हणतो, शेणाचा वास आला की त्याला शिंका येतात."

"मी शेताबद्दल चकार शब्द काढला का?"

"मग कशाबद्दल आहे हे सगळं?"

 अर्मानं ताटावरून मान वर केली. समोर तिचा त्रेसष्ट वर्षांचा मुलगा बसला होता. कानाजवळ पांढरे झालेले केस, हनुवटीवर शेवईचा तुकडा.

"अंडी घे," ती म्हणाली.

नेव्हिननं सुस्कारा सोडला आणि अंडं घेतलं. "हे बघ, सगळं नीट होणार आहे. चर्चची पाद्रीबाई येऊन प्रार्थना म्हणणार. दगड असलेला प्रत्येक जण वर जाणार, हिरवळीवर. फेल्टीबाबाला इथल्यापेक्षा बरी जागा मिळेल. इथं काय, सशांची बिळं."

"आणि ज्यांना दगड नाही?"

"ज्यांना दगड नाही, ते आहेत हे तरी कुणाला माहीत?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. "त्यांना कोण विचारणार, आई?"

अर्मा पाणी आणायला उठली. पाण्याचं भांडं टेबलावर भरलेलं होतं; जेनिसनं ते पाहिलं. स्वयंपाकघरात अर्मा नळ सोडून नुसती उभी राहिली. गोदामाची जमीन सिमेंटची असते, हे तिनं महामार्गाजवळच्या गोदामांत पाहिलं होतं. गुळगुळीत, एकसंध, आणि तिच्यावरून दिवसभर गाड्या फिरतात.

मंगळवारी क्लॅरेन्सचा फोन आला. ये म्हणाला, काही तरी आहे. त्याच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती. सगळीकडे कागद, आणि कागदांवर कॉफीचे गोल डाग. त्यानं खुर्चीवरचं मांजर उठवून तिला बसायला दिलं.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"त्यासाठी बोलावलंस?"

"ऐक तर. तो याकोब दोन वर्षांचा होऊन गेला. ठीक. पण म्हणून फेल्टीला याकोब नावाचा मुलगाच नव्हता, असं कुठं होतं? त्या काळी पोर गेलं की नाव मोकळं होत असे. पुढच्याला तेच ठेवायचे. माझ्या आजीच्या आधी दोन सारा गेल्या होत्या, ती तिसरी. तुझा चांभार याकोब ज्या वयात मेला त्यावरून हिशेब केला, तर तो ह्या छोट्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी जन्मलेला निघतो. बरोब्बर बसतं!"

अर्मा टेबलाच्या कडेला धरून बसली. "मग झालं की."

"झालं नाही ना." क्लॅरेन्सचा आवाज उतरला. "त्या वर्षांत जो पाद्री होता तो मंडळींशी भांडला, आणि जाताना बाप्तिस्म्यांची वही घेऊन गेला. ती कुठंच नाही. मी सगळीकडे विचारलं. दुसरा याकोब असू शकेल. पण असू शकेल म्हणजे आहे असं नव्हे. कंपनीचा वकील म्हणेल, डोंगरावरच्यांचाही असू शकेल."

"तू लिहून दे."

"काय?"

"सापडलं म्हणून लिहून दे. तू मास्तर होतास, तुझ्या शब्दाला कोण नाही म्हणणार?"

क्लॅरेन्सनं चष्मा काढला. "अर्मा, तू मला खोटं लिहायला सांगतेस."

"हो."

"फेल्टी वेसनरसाठी?"

"मी हात जोडते, क्लॅरेन्स. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. लिही." तिचा आवाज फाटला. आपण भीक मागतोय हे तिला दिसत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. "तो दुसरा याकोब होताच. मला माहीत आहे."

"कसं माहीत आहे?"

"आपोलोनियानं ते नाव टाकून दिलं नसतं. जे नाव दिवसभर तिच्या तोंडात होतं, ते ती नेऊन ठेवणार कुठं? शेजारणीला देता येत नाही. फेकता तर येतच नाही. मग पुढचं पोर हातात येतं आणि बाई त्याला तेच नाव घालते. आणि घातल्यावर तिला कळतं की आता जन्मभर धास्ती. पहिला गेला त्या वाटेला हाही जाईल की काय. आणि कुणाशी बोलायची सोय नाही. नवऱ्याशीसुद्धा नाही."

बोलून झाल्यावर तिला दम लागला. क्लॅरेन्स तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा आता पार पुसली गेली होती. मग तो घरच्या जर्मन बोलीत बोलला, जी बोलल्याबद्दल दोघांनी शाळेत हातावर छड्या खाल्ल्या होत्या.

"नेव्हिन कितवा, अर्मा?"

तिनं कोट चढवला. गुंड्या लावू लागली. एक गुंडी चुकली, तशीच लावली.

दारापर्यंत तो मागे आला. "खोटं मला लिहिता येणार नाही," तो म्हणाला. "हात वळणार नाही माझा."

"बरं."

"पायऱ्यांवर शेवाळ आहे. सांभाळून उतर."

बुधवारी सकाळी धुकं होतं. अर्मानं दुधाच्या खोलीची मोडकी पायरी बरेच दिवस हेरून ठेवली होती. तांबड्या दगडाचा हातभर लांब तुकडा, भिंतीला टेकवलेला. तो तिनं एकचाकी ढकलगाडीत कसा घातला हे तिला नंतर कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तीन वेळा गाडी कलंडली. तिसऱ्यांदा दगड पायावर येता येता वाचला आणि ती ओल्या गवतात बसून रडली, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं. मग उठली.

दफनभूमीत मोजणीवाल्यांनी प्रत्येक दगडाजवळ नारिंगी झेंडी रोवली होती. फेल्टीपाशी एक, आपोलोनियापाशी एक, छोट्या याकोबापाशी एक. अर्मा कोपऱ्यात गेली. पूर्वी लोक अक्षरं नसलेले शेतातले दगडच उभे करायचे. तसलाच हाही एक म्हणून मोजून घेतील, असा तिचा बेत होता. फावड्यानं तिनं थोडी माती काढली, दगड उभा केला आणि गुडघ्यांवर बसून हातांनी माती दाबू लागली.

मागे गाडीचं दार आपटलं.

"आई!"

ती दाबत राहिली.

"सगळीकडे शोधतोय तुला. जेनिस रडायला आलीये तिकडे. आणि हे काय चाललंय?" नेव्हिन लंगडत भिंतीच्या आत आला. दगड पाहिला, गाडी पाहिली, आणि त्याचा चेहरा लाल झाला. "हे त्या क्लॅरेन्सनं शिकवलं का? खोटे दगड लावायला?"

"त्याला माहीतही नाही."

"अगं, त्यांनी सगळ्याचे फोटो काढलेत! उद्या इथं खणतील आणि खाली काही निघालं नाही, तर मी तोंड कुठं लपवू? म्हणतील, म्हातारीला पुढे करून हा व्यवहार लांबवतोय."

"निघेल," अर्मा म्हणाली. "किंवा नाही निघणार. लहान मुलांचं काही उरत नाही म्हणतात. पण आहे."

"काय आहे?"

"खाली आहे."

नेव्हिन थांबला. धुक्यात दूर रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्यानं आवाज खाली आणला, वासरू बुजू नये म्हणून आणत असे तसा.

"कोण आहे, आई?"

"तुझ्या आधीचा." एकदा तोंड उघडल्यावर मग तिला थांबता येईना. "एक रात्र आणि अर्धा दिवस होता. जमीन गोठली होती म्हणून माझ्या बाबांनी आधी इथं जाळ केला. मला उठू दिलं नाही. मी धूर पाहिला, त्या खिडकीतून. परत कुणी त्याचा विषय काढला नाही. आज्जीनं वचन घेतलं होतं. मला वाटलं, फेल्टीचं जमलं तर भिंत राहील आणि तुला सांगावं लागणार नाही. नाही जमलं. काहीच जमलं नाही रे मला."

"अगं, पण वचन कशाला?" नेव्हिन म्हणाला. "पोरं सगळ्यांच्याच घरांतून गेलीत. त्यात लपवायचं काय?"

अर्मा मातीवरून हात फिरवत राहिली.

नेव्हिनला बोलता फार येत नसे, पण तो मंद नव्हता. तो दगडाकडे पाहत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "नाव ठेवलं होतं त्याचं?"

तिनं वर पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. काही वेळानं नेव्हिननं डोक्यावरची टोपी काढली.

"पोरगं जन्मभर एक पाय खड्ड्यात ठेवून चालेल, असं आज्जी म्हणायची," अर्मा म्हणाली. "मला भीती वाटायची. तू जरा खोकलास तरी वाटायची. तू झाडावर चढलास की मी घरात तोंड दाबून उभी राहायची."

"मला वाटायचं, तुला माझं काहीच आवडत नाही. झाड नको, ओढा नको, घोडा नको."

"नाही रे."

"हं."

त्याच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, तिला ओळखता येईना. जन्मभर तिनं तो चेहरा वाचला होता. तो वाकला आणि दगडाला हात घातला.  तिला वाटलं, आता उपटून फेकणार.

"डोकं कुठल्या बाजूला आहे त्याचं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्यानं म्हटलं: "मला येऊ दिलं नव्हतं, नेव्हिन."

नेव्हिननं भिंतीच्या आतल्या सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. सगळे पश्चिमेला डोकं करून झोपले होते, शेवटच्या दिवशी उठून बसतील तेव्हा तोंड उगवतीकडे असावं म्हणून. दगड सगळ्यांचे उशाला. अर्मानं तो पूर्वेच्या टोकाला, पायाशी लावला होता.

"आजोबांनी वेगळं केलं नसणार," तो म्हणाला. दगड उपसून त्यानं छातीशी घेतला. नवे गुडघे करकरले, तो दात आवळून उभा राहिला, आणि चार पावलं टाकून त्यानं तो पश्चिमेला ठेवला. मग थांबला. चार पावलं बाळासाठी जास्त होतात, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो दोन पावलं अलीकडे आला आणि तिथं बुटाच्या टाचेनं माती उकरू लागला.

दगड घट्ट बसल्यावर त्यानं आईला हाताला धरून उठवलं आणि गाडीत नेऊन बसवलं. हीटर लावला, आपले हातमोजे काढून तिच्या हातांत घातले. ते तिला फार मोठे झाले. काच धुक्यानं भरली होती. शेत शुक्रवारी जाणारच होतं, भिंतही जाणार होती. त्याबद्दल दोघं काही बोलली नाहीत.

मग नेव्हिननं फोन काढला आणि कंपनीच्या मोजणीवाल्याला लावला. पलीकडच्या तरुण माणसाचा आवाज गाडीत स्वच्छ ऐकू येत होता.

"एक मोजायचा राहिलाय तुमचा," नेव्हिन म्हणाला. "हो, आतच. कोपऱ्यात. लहान मुलाचा आहे. नाही, दगडावर अक्षरं नाहीत, पण मी सांगतोय ना. झेंडी लावा आणि त्यालाही न्यायचं."

"ठीक आहे. नाव माहीत आहे का?"

"नेव्हिन."

"तुमचं आहे माझ्याकडे, साहेब. मेलेल्याचं हवंय."

नेव्हिननं हातानं काच पुसली. बाहेर काहीच दिसत नव्हतं, तरी तो बघत राहिला.

"तेच," तो म्हणाला. "तेच लिहा."